अंताल्या, सिदे की अलान्या? गोव्याहून आठ दिवस, सोबत गुडघेदुखीची आई

आंतरुज_०९
नमस्कार मंडळी. तुर्कस्तानच्या भूमध्य सागरी किनाऱ्यावर आठ रात्रींचा बेत आखतोय. माणसं चार: आम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांची आई. आई सपाटीवर तासभर चालते, पण सलग पन्नास पायऱ्या आल्या की गुडघा बोलायला लागतो. इस्तंबूल या खेपेला नको.

मुक्काम अंताल्यात करावा, सिदेला की अलान्याला? मे महिन्याची सुटी बरी की चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर? व्हिसाचं त्रांगडं असं, की बायकोच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, मुलीचा आणि माझा पासपोर्ट भारतीय आणि कोरा, आणि आईकडे पोर्तुगीज पासपोर्ट व ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड). आई गोमांस खात नाही, सोमवारी आणि गुरुवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी. एजंट ‘सगळं आत’वालं, म्हणजे जेवणखाण भाड्यातच धरलेलं रिसॉर्ट गळ्यात मारतोय, ते घ्यावं का?

(जावं की नाही, त्यांचं राजकारण काय, हा वाद इथं नको. त्यासाठी वेगळा धागा आहे.)

मांडवीकाठ
आधी ऋतूचं बघा, बाकी सगळं त्यावरून ठरतं. त्या किनाऱ्याचं वेळापत्रक आपल्या नेमकं उलट आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस आणि खवळलेला दर्या, तिकडे तेच महिने कोरडे. त्यांचा पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पारा ३४-३५ च्या वर जातो, हवाही दमट, आणि भग्नावशेषांत सावली नावाला नाही. आईला घेऊन तेव्हा जाऊ नका.

मे आणि ऑक्टोबर दोन्ही फिरायला चांगले. फरक समुद्रात. मेमध्ये तिथलं पाणी २१ अंशांच्या आसपास असतं, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात २५ च्या आसपास. कागदावर चारच अंश दिसतात, पण कळंगुट-मिरामारच्या २८-२९ ची सवय असलेल्या अंगाला २१ म्हणजे विहिरीतलं पाणी. मुलगी पोटऱ्यांपर्यंत जाऊन परत येईल. ऑक्टोबरमध्ये मागे वळून बघणार नाही. दुसरं असं की २०२६ मध्ये कुर्बान बायराम, म्हणजे बकरी ईद, मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. बायरामला अख्खा तुर्कस्तान गावी किंवा किनाऱ्यावर निघतो, बसची तिकिटं आणि हॉटेलं आपल्याकडच्या चवथीच्या आदल्या दिवसासारखी. तेव्हा चवथ आटोपून, सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरचा मध्य. शाळेचे दिवस बुडतात तेवढं सांभाळा.

समुद्राबद्दल आणखी दोन गोष्टी. तिथं भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, पाणी वीत-दीड वीत वरखाली होतं. आपल्याकडे दोनेक मीटर चढउतार, त्यामुळे ‘ओहोटीला लांब चालत जाऊ’ हा हिशेब तिथं चालत नाही. किनारा सकाळी जेवढा, संध्याकाळी तेवढाच. आणि पाणी आपल्यापेक्षा खारट, हजारात ३८-३९ भाग मीठ. अंग सहज तरंगतं, डोळे मात्र झोंबतात. मुलीला पोहायचा चष्मा घ्या.

मुक्काम: पाच रात्री अंताल्या, तीन सिदे. अलान्या एका दिवसात, तीही सिदेहून. अंताल्याहून अलान्या साधारण १३० किलोमीटर, जाऊन-येऊन दिवस रस्त्यावरच जातो. सिदे मधल्या अंतरावर आहे.

अंताल्यात जुनं गाव म्हणजे कालेइची, अर्थ ‘किल्ल्याच्या आत’. राहायचं तिथंच, लारा किंवा कोन्याआल्ती या किनाऱ्यांवर नव्हे. पर्गामचा राजा अत्तालोस दुसरा यानं इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात वसवलं म्हणून जुनं नाव अत्तालेइया. नकाशावर सगळं पाच मिनिटांवर दिसतं, पण बंदर कड्याखाली आहे. वरून खाली जायला पायऱ्याच पायऱ्या. त्यावर उपाय आहे: जुम्हुरियेत चौकाच्या बाजूला काचेची लिफ्ट आहे, ती थेट बंदरापाशी उतरवते. खोली आरक्षित करताना दोन प्रश्न लेखी विचारा. लिफ्ट आहे का, आणि गाडी दारापर्यंत येते का. तिथली बरीच हॉटेलं जुन्या उस्मानी लाकडी घरांतली, दुसरा मजला म्हणजे अरुंद कुरकुरता जिना. आईला तळमजला, आतल्या अंगणाकडचा. आणि गल्ल्यांत गोटे बसवलेत, चाकांची बॅग ओढत नेलीत तर चाक जाईल.

किनारे कसे, तर पश्चिमेला कोन्याआल्ती, लांबलचक, पण गोट्यांचा. पाणी काचेसारखं, आणि चार पावलांत गळ्याशी. पूर्वेला लारा, वाळूचा आणि उथळ. मुलीसाठी लारा. दोन्हींना जोडणारी केएल ०८ ही शहरबस आहे. कोन्याआल्तीला रबरी तळव्याचे पाण्यातले बूट हवेतच, आपल्या रबरी चपला पाण्यात निसटतात. कालेइचीच्या पायथ्याशी मेर्मेर्ली म्हणून चिमुकला किनारा आहे, तिथं पैसे भरून आत जायचं आणि जिना उतरायचा. आईसाठी नको.

खाटल्यांचा प्रकार आपल्या शॅकसारखाच. छत्री-खाटेचे पैसे घेतात, पण किनारा सगळ्यांचा आहे, तसा त्यांचा १९९० चा किनारा कायदाच आहे. स्वतःचा पंचा अंथरून पाण्याकाठी बसलात तर कोणी उठवू शकत नाही. उठवायला बघतात, तो भाग वेगळा.

शापोरा_बंदर
व्हिसा घरात तीन तऱ्हांचा होणार, नीट वाचा.

आई: पोर्तुगीज पासपोर्टवर व्हिसाच लागत नाही, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. पण परत येताना गोव्याच्या मोपा विमानतळावर ओसीआय लागणार, मूळ कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, मोबाइलमधला फोटो नव्हे. चेक-इनच्या वेळी काउंटरवर ‘व्हिसा कुठे’ असं विचारलं की गोंधळायचं नाही, पोर्तुगीज पासपोर्ट पुढे करायचा.

पत्नी: अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा वा निवास परवाना असेल तर भारतीयाला ई-व्हिसा मिळतो, एकदाच प्रवेश, ३० दिवस. तो आधाराचा व्हिसा तुर्कस्तानात उतरण्याच्या दिवशी चालू हवा, अर्जाच्या दिवशी असून भागत नाही. आणि तो पासपोर्टवर चिकटवलेला असावा. त्या देशांचा नुसता इलेक्ट्रॉनिक व्हिसा आधार म्हणून धरत नाहीत. ब्रिटनवाले इथंच अडकतात.

तुम्ही आणि मुलगी: बायकोच्या अमेरिकन व्हिसावर तुमचं काही होत नाही. आधार ज्याचा त्याला. दोघांना रीतसर अर्ज करून चिकटव्हिसा घ्यावा लागेल. बँकेचा तपशील, नोकरीचं पत्र, हॉटेल आणि विमानाची आरक्षणं, प्रवास विमा, मुलीचा जन्मदाखला. निदान सहा आठवडे हाताशी ठेवा, आणि तोवर रद्द न होणारं काहीही घेऊ नका. मुंबईचा वकिलातीचा विभाग आपल्याकडे लागतो, कुठल्या केंद्रावर अर्ज द्यायचा ते अधिकृत संकेतस्थळावरच बघा. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने असली की डोक्याला ताप नाही.

ई-व्हिसाचं खरं संकेतस्थळ एकच, शेवटी ‘डॉट गव्ह डॉट टीआर’ असलेलं. शोधयंत्रात वर येतात ती बहुतेक मधल्या दलालांची, हुबेहूब दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी. नाव पासपोर्टवर जसं तसंच भरा. आपल्याकडे आडनावाचा रकाना मोकळा असलेले पासपोर्ट अजून सापडतात, तिथं घोळ होतो.

विमान: गोव्याहून थेट अंताल्याला काही नाही. मुंबई-इस्तंबूल-अंताल्या हा सरळ मार्ग, किंवा मोपाहून आखातातून. कुठलाही घ्या, पण सगळं एकाच तिकिटावर घ्या. स्वस्त म्हणून तुकडे जोडणारे दोन ठिकाणी आपटतात. एक, मुंबईत काही देशी विमानं टर्मिनल १ ला आणि परदेशी टर्मिनल २ ला, मध्ये मुंबईचा रस्ता. दोन, इस्तंबूलला विमानतळ दोन आहेत, नवा मोठा युरोपच्या बाजूला आणि साबिहा ग्योकचेन आशियाच्या बाजूला. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून अंताल्याचं विमान असेल, तर मध्ये अख्खं शहर आणि सामुद्रधुनी ओलांडायची. संध्याकाळी दोन-अडीच तासही पुरत नाहीत. तिकिटावर आयएसटी आणि एसएडब्ल्यू ही अक्षरं तपासा.

पासपोर्टवर शिक्का इस्तंबूललाच बसतो, मग पुढचं सव्वा तासाचं देशी उड्डाण. मध्ये तीन तास ठेवा. बॅगेच्या चिठ्ठीवर एवायटी, म्हणजे अंताल्या, लिहिलंय का ते मुंबईतच पाहा. ती थेट जाणार असेल तर अंताल्यात परदेशी सामानाच्या पट्ट्यावर येते. देशी पट्ट्यापाशी तासभर वाट बघत उभे राहणारे कायम दिसतात.

विमानतळावरून ट्राम शहरात येते. थांबा टर्मिनल १ जवळ, टर्मिनल २ ला उतरलात तर तिथवर पोचायलाच बॅगांसकट दमछाक. कालेइचीसाठी इस्मेतपाशा थांब्यावर उतरायचं, तिथून हाद्रियनचं दार, म्हणजे जुन्या गावाची रोमन वेस, पाच-सात मिनिटं. रात्री उशिरा ट्राम नाही. चार माणसं, चार बॅगा आणि आई असताना मी तरी टॅक्सीच सांगेन. मीटर चालू आहे ना ते बघून बसा, मीटरला तेही ‘ताक्सीमेत्रे’च म्हणतात.

आंतरुज_०९
चवथीनंतरचंच ठरवतो. पेर्गे, अस्पेंदोस, सिदे ही प्राचीन नगरं एका दिवसात होतात का? एजंटच्या बसमध्ये मध्येच सोनं आणि चामड्याच्या दुकानांत दोन तास आहेत, ते नको.

पडकी_भिंत
होतं, आणि तिन्ही एकाच ओळीत, डी-४०० महामार्गावर. युक्ती अशी की त्याच दिवशी मुक्कामही अंताल्याहून सिदेला हलवा. सामान गाडीत, परतीचा फेरा वाचतो.

स्वतः गाडी चालवणार असाल तर तिकडे रस्त्याची उजवी बाजू. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, भारतीय परवानाही सोबत ठेवा. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवतात, डेबिट कार्ड बहुतेक घेत नाहीत, आणि कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. चूक सरळ रस्त्यावर होत नाही. पेट्रोल पंपातून बाहेर पडताना आणि मोकळ्या गल्लीत डावीकडे वळताना हात आपोआप गोव्याच्या बाजूला जातो. धाकधूक वाटत असेल तर दिवसापुरती चालकासह गाडी घ्या, थांबे आणि ‘दुकान नाही’ हे दोन्ही आधी लिहून घ्या.

सकाळी उघडताच पेर्गे, अंताल्याहून १७-१८ किलोमीटर. सपाट आहे, आईला झेपेल. दोन गोल बुरुजांच्या मधून आत गेलं की स्तंभांचा राजरस्ता लागतो. खाली बघा: रस्त्याच्या मधोमध पाण्याचा पाट आहे, आणि त्यात ठरावीक अंतरावर आडवे दगडी बांध. वरच्या टोकाला कारंज्याची इमारत, तिच्यात पहुडलेल्या नदीदेवाच्या खालून पाणी सुटायचं आणि बांधाबांधावरून पायरी-पायरीनं उतरत गावभर यायचं. उन्हाळ्यात रस्ता गार राहायचा. दोन्ही बाजूंच्या फरशीत रथांच्या चाकांच्या खाचा अजून आहेत. शंकूच्या छेदांवर लिहिणारा ग्रीक गणिती अपोलोनियस इथलाच. आणि संत पॉल पेर्गेहून अत्तालेइयाच्या बंदरात उतरून जहाजात चढला, असं बायबलात आहे. तुमच्या शेजारच्या वाड्यावरच्या ख्रिस्ती मंडळींना सांगायला बरं.

पेर्गेतले चांगले पुतळे अंताल्याच्या संग्रहालयात असायचे, पण ती इमारत भूकंपाच्या धोक्यामुळे २०२५ मध्ये बंद केली. नवीन उघडलं का ते निघण्याआधी तपासा, एजंटच्या जुन्या पत्रकावर विसंबू नका.

दुपारी अस्पेंदोसचं नाट्यगृह. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातलं, म्हणजे इ.स. १६१ ते १८० मधलं, वास्तुकार झेनोन. जगातल्या रोमन नाट्यगृहांत इतकं शाबूत क्वचितच सापडेल, कारण रंगमंचामागची भिंत पूर्ण उंचीची उभी आहे. ती का टिकली? सेल्जुक तुर्कांनी तेराव्या शतकात डागडुजी करून इमारत वापरात ठेवली म्हणून. भिंतीवर काही ठिकाणी गिलाव्यावर लाल नागमोडी पट्टे दिसतात, ते त्यांचेच. लोकांना ती आजकालच्या पोरांची रंगरंगोटी वाटते. आईला खालच्या रांगेत बसवा, तिथूनच सगळं दिसतं. वरच्या कमानींच्या सज्जात सावली असते, पण रोमन पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच आणि कठडा नाही. चढताना काही वाटत नाही, उतरताना कळतं.

बहुतेक जण नाट्यगृह बघून गाडीत बसतात. बसू नका. टेकडीच्या उत्तरेला जलवाहिनीचे अवशेष आहेत, माझ्या मते अस्पेंदोसचं खरं डोकं तिथं आहे. डोंगरातलं पाणी दरी ओलांडून नगराच्या टेकडीवर चढवायचं होतं. त्यासाठी त्यांनी भोकं पाडलेले दगडी ठोकळे एकमेकांत बसवून बंद नळ केला, आणि पावणेदोन किलोमीटरच्या त्या टप्प्यात दोन मनोरे उभारले, तीसेक मीटर उंचीचे. नळ मनोऱ्यावर चढतो, माथ्यावर उघडा होतो, पलीकडे पुन्हा उतरतो. वाहिनी जिथं वळण घेते नेमकी तिथंच हे मनोरे आहेत. वळणावर दाब दगडांचे सांधे उचकटतो आणि कोंडलेली हवा पाणी अडवते. वर तोंड उघडं ठेवलं की दोन्ही त्रास सुटतात. खाजनातली मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बघून ज्याला मजा वाटते, त्यानं हे चुकवू नये.

संध्याकाळी सिदे. अपोलोच्या देवळाचे पाच खांब अगदी पाण्याच्या काठावर, सूर्य त्यांच्यामागे बुडतो. खांब पडलेले होते, विसाव्या शतकात पुन्हा उभे केलेत. नाट्यगृह बघा ते वेगळ्या कारणासाठी: डोंगराचा उतार नव्हता म्हणून सपाटीवर कमानी रचून त्यावर बैठका चढवल्या. जुन्या भागात गाड्यांना मज्जाव आहे, तेव्हा हॉटेलशी सामानाचं आधी बोला. बसनं येणाऱ्यांसाठी: अलान्याच्या गाड्या सिदेत शिरत नाहीत, महामार्गावरच्या फाट्यावर उतरवतात आणि पुढे तीनेक किलोमीटर उरतात. त्यापेक्षा मानवगातला उतरून दोल्मुश घ्यावी. दोल्मुश म्हणजे आपली खासगी मिनीबस, ‘भरलेली’ हाच अर्थ, भरली की सुटते.

सरकारी स्थळांची तिकिटं परदेशी माणसाला महाग पडतात, भाव युरोत लावलेले. भूमध्य भागाचा सात दिवसांचा संग्रहालय पास मिळतो. पेर्गे, अस्पेंदोस, सिदे, अलान्याचा किल्ला यांची बेरीज करून पासाच्या किमतीशी ताडा. दोनच ठिकाणं बघणार असाल तर पास घेऊ नका. आईला दोन ठिकाणी बाहेर चहा प्यायचा असेल तर तिच्यासाठी तर नकोच.

कुळागर
जेवणाचं सांगतो. डुक्कर सहसा नसतंच, प्रश्न गाई-बैलाचा. पत्रिकेत ‘दाना’ म्हणजे तेच, ‘कुझू’ मेंढी-कोकरू, ‘तावुक’ कोंबडी, ‘बालक’ मासळी. नुसतं ‘क्यॉफ्ते’ किंवा ‘क्यमा’ लिहिलं असेल तर दाना धरूनच चाला.

शिवराक दिवशी ‘एत्सिझ’, म्हणजे मांसाविना, हा शब्द पाठ करा, पण तेवढ्यानं भागत नाही. मसुराचं सूप, ‘मेर्जिमेक’, दिसायला आपली आमटी, पण पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं. ‘एत सुयू वार म?’ असं विचारायचं. साध्या भातालाही कोंबडीचं पाणी असू शकतं. वांग्याचे दोन पदार्थ जुळ्या भावांसारखे: ‘इमाम बायल्द’ कांदा-टोमॅटोचा, ऑलिव्ह तेलातला, चालतो. ‘कार्नयारक’ खिम्याचा, नाही. उलट ‘ची क्यॉफ्ते’ नावाला घाबरू नका, दुकानात मिळतो तो दलियाचा आणि तिखट. पालक-चीजची ‘ग्योझलेमे’ म्हणजे मोठ्या तव्यावरची पातळ भरलेली पोळी, आईला ती आवडेल. अंताल्याचा खास पदार्थ ‘पियाझ’: पांढरे वाल-बी आणि वर तिळाच्या कुटाचं दाट सारण. इतरत्र मिळणाऱ्या पियाझात तीळ नसतो. बरोबर आयरान घ्या, ते ताकच, मिरची-कोथिंबीर सोडून.

मासळीत हुमण-बिमण, म्हणजे आपली मासळीची आमटी, विसरा. तव्यावर किंवा जाळीवर भाजून लिंबू. चिपुरा आणि लेव्रेक हे मासे बहुतेक पाळलेले. मोठ्या जाळ्यांची तिथली बंदी १५ एप्रिलपासून ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत, आपली ६१ दिवसांची त्यापुढे काहीच नाही. ऑक्टोबरात जाताय ते बरंच झालं, दर्यातली ताजी मासळी सुरू झालेली असेल. भाव नगावर की किलोवर हे विचारून, वजन डोळ्यांदेखत करून मगच हो म्हणा. मिस्कुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, बाटली सामानातल्या बॅगेत, दोन पिशव्या घट्ट बांधून.

कालेइचीच्या झाडांवरची संत्री तोडू नका, कडू असतात. या ‘तुरुंच’ संत्र्यांचा मुरंबा मात्र आणा.

मांडवीकाठ
‘सगळं आत’वाल्या रिसॉर्टचं राहिलं. बेलेक, लारा, सिदेच्या आजूबाजूला ती कुंपणाआडची गावंच आहेत. मुलीला घसरगुंड्या, आईला शंभर पदार्थांत काहीतरी शिवराक मिळेल, हे खरं. पण पैसे तिन्ही वेळच्या जेवणाचे भरलेले असतात, आणि तुम्ही दिवसभर अस्पेंदोसला. मग एक तर पैसे बुडतात, नाहीतर ‘भरलेत ना’ म्हणून माणूस बाहेर पडत नाही. घ्यायचंच तर शेवटच्या दोन रात्री, सगळं बघून झाल्यावर. घरी दर्या असलेल्या माणसानं तिकडे दगड बघायला जावं, किनारा तोंडी लावायला.

पैशांचं: यूपीआय नाही. युरो न्या, नोटा फाटक्या-दुमडलेल्या नकोत. विमानतळावर टॅक्सीपुरतेच बदला, बाकी गावातल्या ‘द्योविझ’, म्हणजे परकीय चलन, लिहिलेल्या दुकानात. कार्डयंत्र ‘रुपयांत की लिरात’ विचारतं तेव्हा लिरा दाबा, रुपये दाबले की त्यांचा वाईट भाव लागतो. मोबाइलचं ई-सिम गोव्यातूनच घेऊन ठेवा.

आंतरुज_०९
देव बरें करूं सगळ्यांचें. शेवटचं एक: अलान्याचा किल्ला आईला झेपेल?

पडकी_भिंत
अर्धा झेपेल. दामलाताश किनाऱ्यावरून रज्जुमार्ग आहे, तो बराच वर सोडतो. तिथून दर्या, क्लिओपात्रा किनारा आणि तटबंदी दिसते, तट जवळजवळ साडेसहा किलोमीटरचा. आतला बालेकिल्ला त्याहून वर, चढाचा रस्ता, तिथं तुम्ही तिघांनी जा, आईला वरच्या थांब्याजवळ चहाला बसवा. खाली बंदरात लाल बुरूज आहे, १२२६ चा, अष्टकोनी, ३३ मीटर उंच. आत जिने आहेत, तो बाहेरून बघितला तरी चालेल. आईला घेऊन जायचं ते त्याच्या पलीकडच्या जहाजबांधणीच्या गोदीकडे: पाच कमानी, समुद्राचं पाणी अजून आतपर्यंत येतं. वारा जोराचा असेल तर रज्जुमार्ग बंद ठेवतात, म्हणून सकाळी हॉटेलातून विचारून मगच सिदेहून निघा.